औषधाची गरमी

नळावर मी दोनच शब्द बोलले होते. औषधाची गरमी. त्यातला पहिला शब्द माझ्या मोठ्या जाऊबाईंनी गिळून टाकला आणि दुसरा गल्लीभर वाटला. त्यांना मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. माझी मुलगी म्हणते, आई, छोड़ो ना अब. तिला सोडता येतं. तिचा बाप होता, पण नळावर ती नव्हती.

मला चारचौघांत बोलता येत नाही. चौथीपर्यंत शाळेत गेले, तेव्हाही गुरुजींनी उभं केलं की उत्तर येत असून तोंड उघडायचं नाही. मग पाटीवर लिहून दाखवायचे. आताही लिहितेच आहे, फक्त दाखवायचं कोणाला नाही.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटला आमचं घर म्हणजे एका घराचे दोन भाग. सासरे गेल्यावर मधे भिंत घातली, पण ती कौलांपर्यंत नेली नाही. वर हातभर जागा तशीच राहिली. तिकडची फोडणी इकडे ठसका आणायची. त्या बाजूला माझे भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, आणि जाऊबाई. या बाजूला आम्ही. भासरे लालबर्र्याला राईस मिलमध्ये कामाला होते, रोज बसनं जाऊन यायचे. आमचे हे बैहरला सरकारी जीप चालवायचे. शनिवारी घरी यायचे आणि सोमवारी पहिल्या बसनं परत जायचे.

एका पावसाळ्यात यांना पोटात उजवीकडे जड वाटू लागलं. जेवण अर्ध्यावर आलं. पँट कमरेवर राहीना, तेव्हा पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडलं आणि म्हणाले, "बैहरचे रस्ते असे हायेत का माणूस गाळूनच निघते." इथल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि नागपूरला जायला सांगितलं. नागपूरला मोठ्या दवाखान्यात नव्या मशीनवर पोट पाहिलं, सुई घालून तुकडा काढला. लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ होती. कापून काढता येणार नाही अशा जागी होती.

तिथले डॉक्टर कागदावर चित्र काढून सांगायचे. म्हणाले, एक नवी रीत आहे. जांघेतल्या रक्ताच्या नळीत बारीक नळी घालायची, ती आतल्या आत सरकवत लिव्हरपर्यंत न्यायची आणि औषध तिथंच सोडायचं. हातातल्या सलाईनमधून दिलं तर ते सगळ्या अंगात फिरतं. असं दिलं तर बरंचसं गाठीवरच पडतं.

"म्हंजे गावोगाव थांबत जायचं नाही," हे म्हणाले. "सीधी गाडी."

"बरोबर," डॉक्टर हसले.

"मंग अंगाले तरास नाही होनार?"

"कमी होईल. होणारच नाही असं मी म्हणत नाही."

तो कमी म्हणजे केवढा, ते मी पाहिलं. औषध लाल होतं, रसना घोळल्यासारखं. ते दिल्यावर जांघेवर वाळूची पिशवी ठेवली आणि पाय हलवायचा नाही म्हणून बजावलं. पहिली लघवी लाल झाली. मी पलंगाचा पाय धरून खाली बसले. सिस्टरनं सांगितलं की हा औषधाचाच रंग आहे, रक्त नाही. संध्याकाळी ताप चढला. बरगडीखाली कोणी निखारा ठेवल्यासारखं दुखत होतं. उलट्या झाल्या, आणि त्या थांबल्या तशी उचकी लागली. उचकी अशी की पाणी पिता येईना आणि डोळा मिटता येईना. पण चार दिवसांत हे उठून बसले. घरी निघताना डॉक्टरांनी बजावलं की अजून पुढं तोंड येईल, केस जातील, नखं काळी पडतील, ते सगळं औषधाचं आहे, घाबरू नका. रक्ताची ताकद उतरेल, म्हणून दुसऱ्याचा सर्दीखोकला यांना लागू देऊ नका. पाणी उकळून द्या, यांची भांडी वेगळी ठेवा. आणि दिवाळीच्या आधी दुसऱ्या डोसाला या. उशीर करायचा नाही, गाठीवरचा औषधाचा धाक उतरू द्यायचा नाही.

ते सगळं तसंच झालं. तोंड आतून सोलून निघालं. भात नुसता ताकात कालवून द्यायचे, तोही गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. तळहात काळवंडले. उशीवर केस पडू लागले. मी यांचं ताट, लोटा, पेला वेगळा केला आणि रोज उकळत्या पाण्यातून काढू लागले.

नळावर समोरच्या घरातल्या मास्तरीणबाईंनी विचारलं, "काय वं, भाऊचे केस काहून जाऊन राह्यले?"

मी म्हटलं, "औषधाची गरमी."

"अन् ते नळी टाकली म्हंते, ते कोठून?"

आता बायकांमध्ये झालं तरी जांघ हा शब्द माझ्या तोंडून कसा निघणार? मी म्हटलं, "खालून."

जाऊबाई बाजूला पाण्याचा गुंड, म्हणजे घागर, भरत होत्या. गुंड भरून वाहायला लागला तरी त्यांनी तो काढला नाही.

हिंदीत म्हणा की मराठीत, औषधाची गरमी म्हणजे औषधाची गरमी. पण नुसतं गरमी म्हटलं की आमच्याकडे त्याचा अर्थ एकच. पुरुष बाहेरून जो रोग घेऊन येतो, तो. मला कोणी म्हणेल की तू नीट सांगितलं असतंस तर. नाही. हे मी माझ्या अंगावर घेणार नाही. मी खरं तेवढंच बोलले. जे खोटं होतं ते त्यांनी जोडलं.

मला हे कळायला नवरात्र उजाडलं. केस अर्धे गेले, अर्धे राहिले, तेव्हा हे म्हणाले की आता डोकं पूर्ण चकोट करून येतो. चौकातल्या न्हाव्याकडे गेले. तो न्हावी यांच्या लग्नाच्या आधीपासून यांची दाढी करत होता. हे गेले तसेच डोक्याला टॉवेल बांधून परत आले. अंगणातल्या बाजेवर बसले.

"काय झालं?"

"म्हने, भैया, बुरा मत मानना, उस्तरा बाकी ग्राहकों को भी लगता है."

"काहून?"

"काहून म्हंजे? मले गरमी झाली म्हने. माह्या बायकोनंच नळावर सांगतलं म्हने." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू काय सांगतलं होतं?"

"औषधाची गरमी."

"औषधाची, असं म्हटलं होतं?"

"हौ."

"मंग औषध कोठी गेलं?"

 मी आत जाऊन त्यांची दाढीची पेटी आणली आणि बाजेवर त्यांच्या मागे बसून डोकं केलं. आधी कात्रीनं, मग पत्तीनं. पत्ती टेकवली की मी थांबायचे. ते म्हणाले, "काप, काप. रक्ताले औषधाचा रंग हाये का पाहून घे." कानामागं एक जागा जरा कापलीच. तिथं मी हळद दाबून धरली, तेव्हा ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मी आता नागपूरले जात नाही."

मला वाटलं रागात आहेत, उतरेल. उतरलं नाही. मी सकाळी सांगायचे, जेवताना सांगायचे. त्यांचं उत्तर ठरलेलं. "पुन्हा जांघेले पट्टी बांधून या गल्लीतून लंगडत येऊ काय? पुन्हा केस जातीन. पुन्हा तोंड येईन. एकडाव झालं तं लोकं एवढे बोलले. मरन तं घरातच मरन, अन् नाव घेऊन मरन." वीस वर्षं जीप चालवली, कोणाचं चोरीचं एक लाकूड गाडीत घातलं नाही, कोणाकडं वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. तेवढंच त्यांच्याकडं होतं. मी कितीही सांगितलं तरी माझं एक बोलणं आणि गल्लीचं एक बोलणं यांत गल्लीचं मोठं ठरत होतं.

दिवाळी आली. डॉक्टरांनी दिवाळीच्या आधी म्हटलं होतं. मी रोज त्यांच्या उजव्या बरगडीखाली पाहायचे, तिथं आता सदऱ्यावरूनही उंचवटा दिसायचा.

भाऊबीजेला जाऊबाईंची बहीण आली होती. दोघी तिकडं चुलीपाशी बसल्या होत्या. मी इकडं. भिंतीवरून सगळं ऐकू येत होतं.

बहीण म्हणाली, "दिसला मले अंगणात. ओळखू नाही आला वं माय. काय होय त्याले?"

"काय होय म्हंजे! गरमी होय. बायकोनंच सांगतलं नळावर. अन् औषध कोठून टाकलं तं म्हंते खालून."

"हाय बापा!"

"ते भांडे नाही पाह्यले का तू? वेगळे केले तिनं. चांगला रोग असता तं नवऱ्याचे भांडे कोनी वेगळे करते का? बैहरहून आनली, अजून कोठून. सायबाची जीप, डिझेल सरकारचं, अन् याची मौज."

आणि दोघी हसल्या. बोलणं मी विसरले असते. ते हसणं नाही.

मला आधी कोण बोललं ते माहीत नव्हतं, म्हणून राग सगळ्या गल्लीवर पसरलेला होता, पातळ. त्या दिवशी तो एका जागी गोळा झाला. मला आश्चर्य वाटलं की राग एका जागी आला की किती शांत वाटतं. मी भाजी परतली, यांना भात कालवून दिला आणि विचार करत बसले. मला दोन गोष्टी पाहिजे होत्या. हे नागपूरला जायला पाहिजे होते, आणि जाऊबाईंना ते निस्तरायला लावायचं होतं. दोन्ही एकाच गोष्टीनं होत होतं, ते माझ्या लक्षात आलं.

लग्न होऊन आले तेव्हापासून मी भासऱ्यांशी बोलले नव्हते. आमच्याकडे मोठ्या भासऱ्यांसमोर सून डोक्यावर पदर घेऊन बाजूला होते, बोलत नाही. दुसऱ्या दिवशी ते जेवायला बसले होते तेव्हा मी त्यांच्या दाराच्या चौकटीआड उभी राहिले. जाऊबाई वाढत होत्या.

"भाऊजी," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

त्यांचा घास हातात राहिला. "कोन? तू होय? काय झालं?"

"यायले दुसऱ्या औषधासाठी नागपूरले न्यायचं हाये. ते येत नाही म्हंतात. गल्लीत लोकं यायच्याबद्दल वाईटसाईट बोलून राह्यले. घरची मोठी बाई सोबत आली तं लोकायचे तोंड बंद होतीन. जाऊबाईले पाठवा."

"कोन बोलून राह्यलं?" भासऱ्यांचा आवाज चढला. ते घराच्या नावाला फार जपणारे होते. एकदा पोराच्या शिवीवरून त्यांनी पोराला नाही, शिवी शिकवणाऱ्याच्या बापाला जाऊन विचारलं होतं. "कोन बोललं माह्या भावाले? नाव सांग."

मी पदराच्या आडून जाऊबाईंकडे पाहिलं. त्यांच्या हातात वरणाची वाटी होती. त्या माझ्याकडे पाहत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की भिंतीवरची ती हातभर जागा त्यांना आठवली आहे.

मी त्यांना जरा वेळ तसंच उभं ठेवलं. मग म्हटलं, "नाव नाही माहीत, भाऊजी."

एवढं चांगलं खोटं मी कधी बोलले नव्हते.

"तू जाशीन," भासरे जाऊबाईंना म्हणाले.

"मी? माहे गुडघे..."

"गुडघे गाडीत कायले लागते? बसूनच जायचं हाये."

घरी येऊन मी यांना सांगितलं की जाऊबाई सोबत येत आहेत. हे बाजेवर आडवे होते, ते उठून बसले. "वहिनी? माह्यासंगं? सगळ्यायच्या समोर?" मग ते हसायला लागले. तोंडातली कातडी नवी होती, हसताना दुखत होतं, तरी हसले. "तुले कोनं शिकवलं वं हे?" म्हणाले. "मंग तं जातोच. औषधासाठी नाही गेलो तरी याच्यासाठी जातो."

तुळशीचं लग्न झालं आणि आम्ही निघालो. दोन रिक्षा केल्या. जाऊबाईंना आणि यांना मी एका रिक्षात बसवलं, दुसरीत मी आणि वळकटी. स्टेशनला जायला मागचा रस्ता जवळ होता. मी रिक्षावाल्याला चौकातून घ्यायला सांगितलं. लोक दुकानं उघडत होते. न्हाव्याच्या दुकानापाशी हे म्हणाले, "जरा धीरे भैया," आणि मोठ्यानं रामराम घातला. न्हावी हातात ब्रश घेऊन दारात आला. रिक्षात आपल्या दिराच्या मांडीला मांडी लावून बसलेली जाऊबाई त्यानं पाहिली, आणि मास्तरीणबाईंनी पाहिली, आणि किराणावाल्यानं पाहिली. जाऊबाईंनी पदर नाकापर्यंत ओढला होता. पण त्यांचं हिरवं लुगडं गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

छोट्या गाडीनं गोंदिया आणि तिथून मोठ्या गाडीनं नागपूर. छोट्या गाडीत बालाघाटचीच माणसं जास्त. हे आपला लोटा पुढं करायचे. "वहिनी, पानी घ्या ना."

"नको, मले तहान नाही."

थोड्या वेळानं पुन्हा. "घ्या ना वहिनी. उकळलेलं हाये. माहाच लोटा हाये, लाजता काहून?"

सगळे बघत होते. एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, "घ्या बाई, दीर एवढ्या प्रेमानं देऊन राह्यला." जाऊबाईंनी लोटा घेतला आणि वरून न ओतता, तोंड लावून प्यायल्या. वरून ओतता आलं असतं. पण सगळ्यांसमोर दिराच्या लोट्याला तोंड लावायला नको म्हणते, असं दिसलं असतं. मी खिडकीतून बाहेर पाहत होते. भाताची कापणी झाली होती. मला फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या वेळी औषध दिलं तेव्हा त्रास पहिल्यापेक्षा जास्त झाला. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. मी भांडं जाऊबाईंच्या हातात दिलं आणि म्हटलं, "बाई, तेवढं धरा, मी सिस्टरले बोलावते." आणि सावकाश गेले. परत आले तर त्या मान फिरवून भांडं धरून होत्या. लघवी लाल होईल हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. मुद्दामच. त्यांनी ती पाहिली आणि वॉर्डात ओरडल्या, "रक्त! रक्त! अवो कोनी या वो!" सगळे पलंग उठून बसले. सिस्टर धावत आली आणि म्हणाली, "चिल्लाओ मत अम्मा! दवाई का कलर है. आपकी बहू को मालूम है, आपको नहीं बताया?" जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चादर ओढून सरळ करत होते.

मग उचकी लागली. हे उचकीतूनच बोलायचे. "वहिनी, उचकी लागली का कोनी आठवन काढते म्हंतात. मले अख्खं बालाघाट आठवून राह्यलं पाहा. तुमच्या किरपेनं."

जाऊबाईंनी खाली ठेवलेलं भांडं उचललं आणि धुवायला नेलं.

सकाळी डॉक्टर आले. जाऊबाईंना मशेरीमुळे नेहमी खोकला असायचा, आणि त्या पलंगाशीच उभ्या होत्या. डॉक्टर थांबले. "या बाई कोण? यांना खोकला आहे? मग पेशंटजवळ नको. बाहेर बसा. यांच्यापासून पेशंटला लागेल."

"याच्यापासून मले नाही लागनार?" जाऊबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"यांच्यापासून कोणालाही काही लागत नाही, बाई. भांडी वेगळी ठेवायची ती तुमच्यापासून यांना जपायला. कॅन्सर आहे हा, साथीचा रोग नाही."

त्या दोन दिवस बाहेर व्हरांड्यात बसल्या. आत येऊ देत नव्हते. मी खराब झालेल्या चादरी बाहेर नेऊन त्यांच्यासमोर ठेवायचे आणि आत यायचे. त्या धुवायच्या. व्हरांड्यातून जाणाऱ्या बायका त्यांना विचारायच्या, तुमचा मुलगा का? त्या हो म्हणायच्या.

इथं मला खरं लिहायचं आहे. हे सगळं मी आठवून लिहिते तेव्हा मजा वाटते, पण तिथं सारखी मजा नव्हती. या वेळी पोटात आग पडत होती. डॉक्टर म्हणाले, थोडं औषध बाजूच्या नळीतून जठराकडं गेलं असेल. हे म्हणाले, "ठेसन चुकलं." पण नंतर त्यांनी माझा हात धरला आणि इतका आवळला की बांगडी पिचली. अशा वेळी जाऊबाई कुठं आहेत, जिवंत आहेत की नाहीत, याचं मला काही नव्हतं. ताप उतरला, त्यांना झोप लागली की मग राग पुन्हा येऊन माझ्या शेजारी बसायचा.

बालाघाटला परतल्यावर जाऊबाईंनी जे केलं ते मी सांगितलंही नव्हतं. त्या घरोघर गेल्या. त्यांनी दिराच्या लोट्याला तोंड लावलेलं गाडीभर माणसांनी पाहिलं होतं. आता दिराला गरमी असली तर ती त्यांनाही चिकटत होती. म्हणून त्या नळावर स्वतः सांगू लागल्या, "गरमी-बिरमी काही नाही वं. लिव्हरमधी गाठ हाये. मी सोता डॉक्टरच्या तोंडून ऐकलं. लोकं काहीबी बोलतात." पोळीवर तूप पसरावं तसं त्यांनी ते गल्लीभर पसरवलं. न्हावी घरी आला, पेटी घेऊन, आणि अंगणात बसून यांची दाढी करून गेला. पैसे घेत नव्हता. हे म्हणाले, "घे. उस्तरा दुसऱ्यायलेही लागतो म्हंते ना, त्याची धार लावायले घे."

दोन महिने यांचं नाव यांना परत मिळालं होतं. संध्याकाळी चौकापर्यंत काठी घेऊन जायचे.

संक्रांतीनंतर तिसऱ्या डोसासाठी गेलो. या वेळी मी कोणाला सोबत नेलं नाही. मशीनवर पाहिलं तर गाठ वाढली होती आणि तिच्या बाजूला दुसऱ्या लहान गाठी आल्या होत्या. डोळे पिवळे होते. डॉक्टरांनी तिसरा डोस दिला नाही. मी त्यांना दाराशी गाठून विचारलं, दुसऱ्या वेळेला आम्ही उशिरा आलो, त्यानं झालं का हे? त्यांनी हातातल्या कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "नक्की सांगता येत नाही. वेळेवर आला असता तर जरा जास्त दिवस मिळाले असते कदाचित."

कदाचित. डॉक्टरला तसंच बोलावं लागतं. मला तसं बोलावं लागत नाही.

होळी झाल्यावर हे गेले. घरीच गेले. जाऊबाई सगळ्यांत मोठ्यानं रडल्या. "दीर नाही, लेक होता माहा," म्हणाल्या. "माह्या हातानं केलं मी त्याचं, नागपूरले." बायका म्हणाल्या, खरंच, मोठ्या बाईनं लय केलं. एवढं कोणी करत नाही. मी भिंतीला टेकून ऐकत होते. मला वाटलं होतं की नागपूरला मी त्यांना पुरतं दाखवलं. पण तेही त्यांनी आपल्या पुण्यात जमा करून घेतलं.

तेरवीला नातेवाईक दुखवट्याचे कपडे देतात. आपल्या माणसानं ते दिले आणि घरच्यांनी घेतले की दुःख वाटून घेतलं असं होतं. माझ्या भावानं साडी दिली, ती मी घेतली. मामेसासऱ्यांकडची घेतली. मग जाऊबाई उठल्या. पांढरी, बारीक काठांची चांगली साडी आणली होती. माझ्यासमोर बसल्या आणि माझ्या मांडीवर ठेवू लागल्या.

मी ती दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यासमोर खाली ठेवली.

"तुमच्या हातून नाही," मी म्हटलं.

खोलीत बायका दाटून बसल्या होत्या. भजन म्हणणारी बाई थांबली. मी हळूच बोलले होते, पण मी कधी बोलतच नाही म्हणून ते सगळ्यांना ऐकू गेलं. मामेसासू म्हणाल्या, "असं नाही करू बाई, मोठी हाये ते." मी मान खाली घातली आणि पुढं एक शब्द बोलले नाही. जाऊबाईंचा हात साडीवर तसाच राहिला. शेवटी त्यांनी ती घेतली आणि उठल्या.

त्यानंतर गल्लीत काय काय निघालं ते माझ्या कानावर येतं. कोणी म्हणतं, नागपूरला औषधाला दिलेले पैसे मोठीनं दाबले. कोणी म्हणतं, पेशंटला उपाशी ठेवलं. कोणी त्याहून वाईट काही म्हणतं. त्यातलं काहीही मी बोललेलं नाही. कोणी मला विचारलं तर मी डोळे पुसते आणि आत जाते.

काही दिवसांनी दुपारी जाऊबाई माझ्या दाराशी आल्या. बसल्या नाहीत.

"साडी काहून नाही घेतली वं तू? लोकं मले विचारून राह्यले."

"काय विचारून राह्यले, बाई?"

"का मी तुहं असं काय वाईट केलं म्हून. तुहे भासरेही विचारून राह्यले. जेवत नाही दोन दिवसांपासून धड."

मी सुपात तांदूळ निवडत होते. मी वर पाहिलं.

"मंग सांगा ना त्यायले," मी म्हटलं. "तुमाले तं माहीत हाये."

त्यांनी सुपातल्या तांदळाकडं पाहिलं. मग गेल्या. अजून त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही, आणि विचारणारे अजून थांबलेले नाहीत.